दादाचं पिवळं गेज

शेवटच्या बुडीला दादा खाली गेला, तो आणायला की परत ठेवायला?

हे मी सेल्वाला तीनदा विचारलं, अंकलना दोनदा. उत्तर कोणीच दिलं नाही. विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि किस्सा सुरू करतात. "ते आठवतं का, तुझ्या दादाने एकदा..." एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. डिसेंबरपासून इतके साठलेत की डोक्यात मावेनात. मी सातवी नापास, लिहायची सवय नाही. पण एखादा निसटेल या भीतीने लिहून ठेवतो.

आम्ही दोघं भाऊ मालवणचे. सिंगापूरला सेम्बावांगजवळ उभ्या राहणाऱ्या जहाजांचे तळ खरवडायचं आमचं काम. दादा आणि तमिळ सेल्वा पाण्याखाली, मी बोटीवर त्यांच्या हवेच्या नळ्या धरून. बोट अंकलची. अंकल इथले चिनी, वय सत्तर, आवाज पंचविशीतला. ते इंग्रजीत ओरडतात, सेल्वा हिंदीत कुरकुरतो. मी सगळं मराठीतच लिहितोय.

*

माझा पहिला दिवस. दादाने शिकवून ठेवलं होतं : नळीला एक झटका म्हणजे "ठीक आहे". चार झटके म्हणजे "वर घे".

दादा खाली गेला. पाच मिनिटांनी नळीला एक झटका बसला. माझी तंतरली! आई आठवली, वेतोबा आठवला, फक्त आकडा आठवला नाही. दोन्ही पाय बोटीच्या कडेला लावले आणि दादाला असा ओढला की मासळीचं जाळं पण कोणी इतक्या जोरात ओढत नाही.

दादा वर आला. मुखवटा काढला. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

"मेल्या, मी काय सुरमई आसंय?"

अंकलनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, "थँक यू म्हणाला!"

*

एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर फिरायला गेलो होतो. सायकली भाड्याने घेतल्या. तिथे पुण्याचं एक कुटुंब भेटलं. नवरा-बायको कॉम्प्युटरवाले, राहायला कॉन्डोत. मराठी ऐकून थांबले. दादा पाण्याखाली काम करतो म्हटल्यावर त्यांचा सहा वर्षांचा मुलगा सायकल टाकून पुढे आला.

"अंकल, यू सी मर्मेड ऑर नॉट?"

दादाला जलपरी कळली, बाकी अंदाजाने घेतलं. मुलासमोर उकिडवा बसला. सेम्बावांगच्या त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. खोटं बोलवेना, मुलाचं मन पण मोडवेना.

म्हणाला, "असेल रे. पण मला ती दिसली नाही, आणि तिला मी दिसलो नाही. दोघं रोज बाजूबाजूने जात असू!"

मुलगा खूश. मी मात्र हल्ली बोटीवर बसलो की पाण्याकडे बघत राहतो.

*

आता गेजचं सांगतो. अंकलची मुलगी टास्मानियात दिलीय. घर समुद्राला लागून. डिसेंबरात अंकल तिकडे जायचे आणि दादाला, सेल्वाला घेऊन जायचे. तिथे थंडगार, स्वच्छ पाण्यात दम धरून बुडी मारायची आणि खडकाला चिकटलेली ॲबलोनी काढायची. ॲबलोनी म्हणजे एकाच शिंपल्याची मोठी गोगलगाय. वरून दगडासारखी, आतून मोरपिसासारखी. छोटी काढायची नाही, असा तिथला कायदा. म्हणून मापायला पिवळ्या प्लास्टिकचं गेज असतं. त्याला मधे खाच. शिंपला खाचेत अडला तर मोठा, आरपार गेला तर छोटा.

पहिल्या वर्षी दादा ते गेज मनगटाला बांधूनच परत आला आणि दिसेल ते मापत सुटला. इडली मापली, अंकलचा कान मापला. एकदा हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांवर, ठेलेवाल्या आंटीने प्लेटमध्ये पराठा ठेवला. दादाने घडी घातलेल्या पराठ्यावर गेज धरलं. आरपार!

"आंटी, छोटा आहे. परत ठेवावा लागेल."

आंटीने कमरेवर हात ठेवले. "मग जा, समुद्रात ठेवून ये लाह!" बोलण्याला असं 'लाह' लावायची इथे सगळ्यांनाच सवय.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला मोठा पराठा द्यायला सुरुवात केली. मला तोच जुना!

*

गावी माझ्यासाठी एक मुलगी बघितली होती. मी तिला एका दिवसात एकोणीस फोन केले. तिने विसाव्याला उचलला आणि नाही म्हणाली.

दादा हसून हसून गादीवरून खाली पडला. "अरे, ती ॲबलोनी आहे! ॲबलोनीला एकदाच हात लावायचा. तिला पत्ता नसताना पटाशी आत घालायची, एका झटक्यात सुटली तर सुटली. ढोसत बसलास की ती खडक असा धरते की देव आला तरी सुटत नाही. मग गप निघून जायचं."

"मग मी काय करू?"

"दुसरा खडक बघ!"

सेल्वाला तोच प्रश्न मी तीनदा विचारलाय. ढोसतोच आहे.

*

हा अंकलनी सांगितलेला, दुसऱ्या वर्षीचा. पाण्याखाली आधी मापायचं आणि मगच काढायचं, असा नियम. सेल्वाला कायमची घाई. त्याने एक आधी काढली, बोटीवर आणली आणि मग मापली. आरपार! ती तो तशीच पाण्यात फेकणार, तेवढ्यात दादाने त्याचं मनगट धरलं.

"फेकलीस तर उलटी पडेल. मासे खातील."

स्वतः ती घेऊन खाली गेला. इतका वेळ वर येईना की अंकलनी हॉकियेन भाषेतल्या सगळ्या शिव्या संपवल्या. शेवटी डोकं वर आलं, ओठ निळे.

"काय करत होतास?"

"त्याच खडकावर लावली. तिने घट्ट धरेपर्यंत हात ठेवून बसलो. सोडवेना."

सांगताना अंकल हसत होते, ते मधेच थांबले. समोर सेल्वा बसला होता. अंकल टेबल पुसायला लागले. टेबल आधीच पुसलेलं होतं.

*

हा माझा. या डिसेंबरात दादाचा तिकडून फोन आला. व्हिडिओवर समुद्र दाखवला, मग स्वतःचा तळहात. "एवढी मिळाली!"

मी म्हटलं, "दरवर्षी तळहातच दाखवतोस. या वेळी ताटाएवढी आण, नाहीतर येऊच नको!"

दोघं हसलो. तो हात हलवत होता, आणि मी फोन आधी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं आवरून झाल्यावर दादा परत एकदा उतरला. सेल्वाने त्याला वर आणला तोवर उशीर झाला होता. मी दादाला घेऊन मालवणला गेलो, बारावं करून परत आलो. आणायला गेला असेल तर ते माझ्यामुळे. परत ठेवायला गेला असेल तर कोणीतरी घाईने काढलेली छोटी ठेवायला. म्हणून विचारत होतो.

*

चिनी नववर्षाला अंकल आम्हाला सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बोलावतात. ॲबलोनीचा डबा फोडतात. दरवर्षी दादा त्यातली सगळ्यात मोठी गेजने मापायचा आणि ओरडायचा, "छोटी! परत ठेवून या!" अंकल विचारायचे, "कुठे, डब्यात?" हाच विनोद, दरवर्षी. दरवर्षी सगळे हसायचे.

या वर्षीही बोलावलं. काम सोडून मी दुसऱ्या दिवशी कायमचा गावी चाललो होतो, आई एकटी आहे. खिशात दादाचं गेज होतं. ठरवून गेलो होतो, आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आंटींनी, म्हणजे अंकलच्या बायकोने, सगळ्यात मोठी ॲबलोनी सेल्वाच्या वाटीत घातली. सेल्वा तिच्याकडे बघत बसला. चमचा उचलेना.

"खा लाह," अंकल हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मी गेज बाहेर काढलं.

सेल्वाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. आंटींनी पंखा बंद केला, का ते त्यांनाच माहीत. मी सेल्वाच्या वाटीतली ॲबलोनी ताटलीत घेतली आणि तिच्यावर गेज धरलं. आरपार! दोन्ही बाजूंनी एकेक बोट जाईल एवढी फट. अंकलना दिसली, आंटींना दिसली. सेल्वाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. 

"मापात आहे," मी म्हटलं. "खा."