रुफेनरबाईंच्या बोक्याची शिडी

मी श्टेटलर. बर्नमधल्या या चार मजली इमारतीची देखभाल करतो. एकवीस वर्षं इथले जिने झाडतोय, त्यामुळे कोण किती वेळा खाली उतरतं हे मला विचारावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रुफेनरबाई आठवड्यातून दोनदा उतरायच्या. बुधवारी तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीत, कारण त्यांची पाळी तेव्हा. आणि शनिवारी पाव आणायला. पूर्वी त्या टपालखात्यात होत्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. घरात बोलायला एकच, मुत्झ नावाचा करडा बोका.

सहा वर्षांत या बोक्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून तो अंगणातल्या चिमण्यांकडे बघत ओरडायचा. त्या ओरडण्याला अख्खी इमारत कंटाळली होती. आमच्याकडे वरच्या मजल्यावरची माणसं मांजरासाठी बाहेरच्या भिंतीला शिडी लावतात, मग मांजर आपलं आपण येतं-जातं. धुण्याच्या खोलीत तोच विषय. बाईंना शहाणपण शिकवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे, कारण तोंडाला कुलूप लावणं मला जन्मात जमलं नाही. मी त्यांना सरळ विचारलं, बोका पाळलाय की कैदी?

बाई उशीचा अभ्रा पिळत म्हणाल्या, "आणि परत नाही आला तर? तुम्ही येणार आहात का वर, म्याव करायला?"

सगळे हसले. मी पण हसलो, पण सोडलं नाही. दोन महिने त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी होकार दिला, घरमालकाची परवानगी आली, शेजाऱ्यांनी सह्या केल्या आणि मी माझ्या हातांनी शिडी ठोकली. मार्चमध्ये मुत्झ पहिल्यांदा गवतावर उतरला. बाई खिडकीत उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडावर. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्यांनी मला वर बोलावून केक खायला घातला. माझी मान काय ताठ झाली होती म्हणून सांगू!

ऑगस्टमध्ये शिडीखाली झाडताना कागदाची एक फाटकी पट्टी सापडली. परकं मांजर वरचेवर यायला लागलं की लोक त्याच्या गळ्यात अशी पट्टी बांधतात. तिच्यावर लिहिलं होतं, हे मांजर कुणाचं आहे का? असेल तर फोन करा. खाली नंबर. आता ही पट्टी बाईंना द्यायची, एवढं सोपं काम. पण मला वाटलं, त्या म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते? मी ती रद्दीत घातली आणि गठ्ठ्याला सुतळी आवळली. पंधरा दिवसांनी दुसरी सापडली. ती खिशात ठेवली, पण सांगितलं काहीच नाही.

ऑक्टोबरमध्ये मुत्झ यायचा बंद झाला. रोज संध्याकाळी बाई खिडकीतून डब्यावर चमचा वाजवायच्या. हाक मारायच्या नाहीत, नुसता चमचा. नऊ दिवस मी तो आवाज ऐकला. बुधवारी तळघरात गेलो आणि ती पट्टी त्यांच्यापुढे धरून सगळं ओकून टाकलं.

बाईंनी चादरीची घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "तुमच्या आधी एक आली होती, श्टेटलर. ती मीच सोडली त्याच्या गळ्यातून. फोन करून सांगायचं काय? हो, माझाच आहे, पण त्याला तुमच्याकडे बरं वाटतं?"

मी तिथल्या तिथे नंबर फिरवला, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे गेरिग नावाची म्हातारी. तीन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तीन पट्ट्या बांधल्या, कुणी फोन केला नाही, म्हणून बोका तिनं ठेवून घेतला. "आता मी त्याला बाहेरच सोडत नाही," ती म्हणाली. "परत नाही आला तर? दिवसभर खिडकीत बसून ओरडतो बिचारा."

बाईंनी मला फोन ठेवायची खूण केली. मी उठलोच, म्हटलं चला, आत्ताच्या आत्ता घेऊन येऊ. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, तिच्या घरातून त्याला उचललं तर तिचं काय होईल हे मला नऊ दिवसांत चांगलं कळलंय.

मग म्हणाल्या, "उद्या माझी शिडी काढा. फळ्या चांगल्या आहेत. तिच्याकडे लावा. तिला मी समजावते. कोंडलेल्या बोक्याचं ओरडणं माझ्याइतकं कुणी ऐकलंय?"

मला रागच आला, तोही स्वतःचाच. मी म्हटलं, "आणि तो इकडे आला म्हणजे? वर कसा चढणार तुमच्याकडे?"

"मला जिना आहे की," बाई म्हणाल्या.

गेरिगबाईंकडे शिडी लागून आता तीन आठवडे झाले. इथे भिंतीवर नुसती भोकं राहिलीत, ती मला बुजवायचीत. रुफेनरबाई रोज दुपारी जिना उतरतात आणि कोट घालून अंगणातल्या बाकावर बसतात, मांडीवर डबा, हातात चमचा. मुत्झ अजून आलेला नाही. मी झाडू घेऊन उगाच तिथे रेंगाळतो, आणि चार वाजले की त्यांचा डबा उचलून त्यांच्यासोबत वर जातो.