घारीची नजर आणि वांग्याचं टोपलं

ज्याला लांबचंही दिसतं अन् बारीकही, त्याची घारीची नजर, असं आमच्याकडं म्हणतात. आभाळातून घारीला कोंबडीचं पिल्लू दिसतं, तसं. एखादी बाई नवऱ्यावर पाळत ठेवत असली तर तिलाही तेच म्हणतात, पण हसून. माझ्या बायकोला गाव मानानं म्हणायचं. ती आता नाही, म्हणून लिहून ठेवतो. मला लिहिणं जमत नाही, चुकलं तर चुकलं.

आमचा सरहद्दीवरचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता. आमची वांगी मी नार्नूरच्या बाजारात नेऊन विकायचो. आदल्या दिवशी ती ओसरीत बसून निवडायची. किडीचं भोक टाचणीच्या टोकाएवढं, तेही देठाच्या टोपीखाली लपलेलं. तिला ते दिसायचं. आमचं गिऱ्हाईक त्याच्यावरच टिकलं होतं. शाळेतली एक तेलुगू मास्तरीणबाई तर वांगं न पाहताच पिशवीत टाकायची.

एका बाजारी तीच बाई चिरलेलं वांगं घेऊन आली. "भैया, कीडा है." पुढच्या बाजारी आणखी एक जण आला. मला शेजारी भाजी विकायला बसणाऱ्या माळव्यावाल्याचा संशय. हा आपला सडका माल माझ्या टोपल्यात सारतो. दिवसभर त्याच्या हाताकडं पाहत राह्यलो. त्यानं काहीच केलं नाही.

मग घरी पाळत ठेवली. ती वांगं डोळ्यांपुढं धरतच नव्हती, अंगठ्यानं टोपीखाली चाचपत होती. मी समोर मुकाट उभा. तिनं मान वर केली, माझ्याच तोंडाकडं पाहून म्हणाली, "कोण हाय?"

दवाखान्याचं काढलं तर भडकली. "काऊन? मले सगळं दिसते."

निवडणं तिच्याकडून काढून घेतलं असतं तर गावभर झालं असतं. ती निवडून उठली की मी टोपलं गोठ्यात न्यायचो, पुन्हा निवडायचो, किडकी बैलापुढं टाकायचो. पण तिच्या हाताला वजन कळायचं.

"वांगी कमी झाली."

"तेवढीच हायेत."

"खालच्या आळीतल्या कोण्या बाईच्या दारात नेऊन ठेवता. मी आंधळी हाय का?"

खरं सांगितलं तर तीच मोडते. गप बसलो, अन् गप बसलो म्हणून तिचा संशय पक्का झाला.

पुढच्या बाजारी ती माझ्यासंगं आली. पोत्यावर बसली, तोंड माझ्याकडं करून. भाजी घ्यायला आलेल्या बाया हसल्या. "भाऊ, हलू नका. मावशीची घारीची नजर हाय." मी हललो नाही.

दुपारी तहान लागली. उठलो तसा तिचा हात धोतर धरायला आला अन् रिकामाच फिरला.

"कुठं चालले?"

"बोरिंगवर. पाणी प्यायला."

"बोलत जा. बोलत या."

"काय बोलू?"

"भाव सांगा."

मी बोरिंगपर्यंत वांग्याचा भाव सांगत गेलो अन् सांगतच परत आलो. माळव्यावाला पोट धरून हसला. तिचं तोंड मात्र माझ्या आवाजाबरोबर फिरत होतं, तिकडं अन् परत इकडं.