टाकीच्या तोंडाशी शालिकराम

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी शालिकराम टाकीच्या तोंडाशी पालथा पडून गॅस डिटेक्टरची नळी खाली सोडत होता. सावली गावाजवळच्या या भातगिरणीत उकड्या तांदळाचं सांडपाणी जमिनीखालच्या बंद टाकीत साचतं. ते कुजलं की विषारी वायू तयार होतो. माणूस उतरण्याआधी आतली हवा तपासणं, हे शालिकरामचं काम. नळी वर असताना डिटेक्टर गप्प होता, मध्येही गप्प. नळी तळाशी पोचताच तो वाजू लागला. आकडा ८४. दहाच्या वर कोणी उतरायचं नाही.

तळात पंप अडकला होता. त्याला नुसता हूक लावायचा होता.

"भाऊ, मी दम रोकून जातो," प्रफुल म्हणाला. "त्या डब्ब्याले सांगा, हा श्वासच घेत नाई."

बाकीचे मजूर हसले.

शालिकराम आणि प्रफुलचं गाव एकच, वैनगंगेच्या काठचं. खडकात अडकलेली जाळी बुडी मारून सोडवायला तिथली पोरं लहानपणीच शिकतात. टाक्या साफ करणारे ठेकेदार म्हणूनच या गावात माणसं शोधतात. शालिकरामचा धाकटा भाऊ अमर सगळ्यांत जास्त वेळ पाण्याखाली राहायचा. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गिरणीत पडलेली बादली आणायला तो असाच उतरला. बादली घेऊन शिडीपर्यंत आला आणि कोसळला. त्याच्यामागे निघालेल्या शालिकरामला चौघांनी दाबून धरलं. प्रेत दुपारी निघालं.

"अमरभाऊचा दम कमी पडला असन," प्रफुल म्हणाला.

आता कोणी हसलं नाही. शालिकराम नळी गुंडाळत राहिला.

"तुयापेक्षा जास्त होता. नदीत तोंड उघडलं तं पाणी लागते, माणूस लगेच मिटते. इथी हवाच लागते. ओझं उचलताना एक घोट जाते. तेवढाच पुरते."

"मंग तुमी कसे वाचले?"

"जाऊ देल्लं नाई म्हून."

त्याने टाकीवर लोखंडी जाळी ओढली, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. सगळ्यांचा रोज बुडाला. दुपारी डबे सोडले तेव्हा त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही. प्रफुल तर आधीच गावाकडे निघून गेला होता.

जाळीतून आत ताजी हवा सोडणारा पंखा रात्रभर चालू राहील. उद्या साडेसातला नळी पुन्हा तीनदा सोडली जाईल: वर, मध्ये आणि तळाशी. तळाचा आकडा, कामावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असेल.