न उडणाऱ्या विमानातली आपा

पेटलेल्या विमानात मी चपला घ्यायला मागे फिरले. हसा खुशाल. विमान उडत नव्हतं. अकोट-दर्यापूर रस्त्याला सिमेंटच्या खांबांवर उभं होतं आणि त्यात हॉटेल होतं. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, दोन सुनांची सासू. पण आतला गालिचा पाहिला आणि देवळात शिरल्यासारख्या चपला काढून आसनाखाली सारल्या. नव्या होत्या.

ते हॉटेल सांभाळणारी सुरैय्या आपा अकोल्याच्या जठारपेठेतली माझी शेजारीण. अकोटच्या कापडवाल्याची मुलगी, घरच्यांशी भांडून हवाई सुंदरी झालेली. सातशे सदतीस-दोनशे या जातीची विमानं आपल्याकडे नवी आली तेव्हाच ती लागली. अंगानं आखूड, पंखांखाली नळकांड्यासारखी इंजिनं आणि आवाज असा की कानात दडे बसावेत. "आमचा दोघांचा गळा एकच," आपा म्हणायची. पुढे कमी तेल पिणारी नवी विमानं आली. जुन्यांतली काही टपाल वाहू लागली, बाकीची भंगारात गेली. आपाही निवृत्त होऊन अकोल्याला येऊन राहिली. एका कापूस व्यापाऱ्यानं भंगारातलं एक धूड आणून हॉटेल थाटलं, तेव्हा आपा आपणहून त्याच्याकडे गेली. म्हणाली, "त्याले कोणी नीट वागवणारं पाह्यजे."

तिचा हात फार चालायचा. आभाळात एका प्रवाशानं तिचं मनगट धरलं, तर तिनं वाफाळता चहा त्याच्या मांडीवर ओतला आणि विचारलं, "साखर घालू?" हॉटेलात कुणी वेटरला शिवी दिली की कॉलर धरून शिडीवरून खाली. "इज्जत मांगून नाही भेटत बाई," ती मला शिकवायची, "कान पिरगाळून घ्या लागते."

त्या वर्षी कापूस मातीमोल झाला होता आणि पडत्या भावात तो उचलणाऱ्यांत हाच व्यापारी पुढे. आमच्या भिशीच्या बायका विमानात जेवायला बसल्या आणि बाहेर शेतकऱ्यांचा रास्ता रोको सुरू झाला. आधी गोटे आले. मग शिडीखाली पेटते टायर. काळा धूर आत घुसला आणि आम्ही किंचाळत दाराकडेच धावलो, जिथं आग होती तिथंच.

आपानं पंखाजवळची संकटकाळची खिडकी उपटून बाहेर भिरकावली. "सामान सोडा. कूदो." आमच्यातली कमल अडली, तिच्या कमरेत लाथ. पडून तिचं मनगट मोडलं. दुसरी पदर सावरत बसली, तिच्या दोन कानशिलात. एकेक बाई पोत्यासारखी बाहेर. माझी पाळी आली आणि मला चपला आठवल्या. मी आसनाखाली वाकले. आपानं माझा अंबाडा धरून मला फरफटत ओढलं, तेवढ्यात छताचा वितळलेला तुकडा तिच्या हातावर पडला आणि चिकटला. तरी तिनं केस सोडले नाहीत. मला पंखावरून ढकलून मगच तिनं उडी टाकली.

खाली मला झेललं ते टायर ढकलणाऱ्यांतल्याच एकानं. "आत बाया हाय, हे सांगा नाही लागे काय कोणी?" असं म्हणून त्यानं मला जमिनीवर ठेवलं आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

विमानाचा सांगाडा उरला. आपाचा उजवा हात कोपरापर्यंत गेल्यातच जमा होता. अकोल्याच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेशी बसून हमसून हमसून रडले, माफी मागितली. ती म्हणाली,

"नोकरीभर मी रोज सांगत होती, आग लागली तं असं निघा, तसं उतरा. कोणी पाह्यतबी नव्हतं माह्याकडे. अन् वर कधी कामच नाही पडलं त्याचं. पडलं तं खांबावरच्या विमानात, अन् उतरवलं कोणाले, तं तुले. आता रडू नको, पाणी पाज."