आतून दार असलेला ट्रेलर

मोतद्दाराला घरजावई व्हायचं नव्हतं. तो तबेल्यात कामाला आला होता. घोड्यांना खरारा करायचा, मुलांना घोड्यावर बसवून रिंगणात फिरवून आणायचं, पगार घ्यायचा आणि संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीवर जाऊन ताणून द्यायची, एवढाच त्याचा बेत. पण मालकांच्या मुलीशी सूत जुळलं, लग्न झालं, आणि खोली, पगार, संध्याकाळ तिन्ही एकदमच गेली. सासऱ्यांनी वरच्या मजल्यावरची खोली दिली. तिची खिडकी थेट तबेल्यावर उघडायची. खाली एखादा घोडा नुसता खोकला तरी हाक यायची, "जावईबापू, बघता का जरा?" मग जावईबापू चप्पल शोधायचे.

सासरे वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी कडाडून भांडून निघून तरी जाता येतं. हे जावयाला ताप आला की उशाशी बसून राहायचे, आणि वेगळं राहण्याचा विषय निघाला की भाबडेपणाने विचारायचे, "का हो, इथे काय कमी आहे?" या प्रश्नाला घरात आजवर कुणालाच उत्तर सुचलेलं नव्हतं.

आता मात्र उत्तर देणं भाग होतं. शेजारच्या शहरातल्या घोड्यांच्या दवाखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती. तिथला तबेला सांभाळायचा आणि राहायला दोन खोल्या. बायकोने तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला होता. सासऱ्यांच्या तबेल्यातल्या भुरी नावाच्या म्हाताऱ्या घोडीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिथेच न्यायचं होतं. तिला घेऊन याल तेव्हा हो की नाही ते सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"बाबांना तूच सांग," बायको म्हणाली. "मी तोंड उघडलं की रडणार, आणि मग सगळंच मुसळ केरात."

भुरीला न्यायला आधी गाडी हवी होती. मागच्या वेळी भाड्याच्या बंद गाडीत कोंबली, तेव्हा तिने लाथा झाडून कपाळ फोडून घेतलं होतं. म्हणून सासऱ्यांनी जीपमागे ओढायचा ट्रेलर विकत घ्यायचं ठरवलं, आणि दोघे विक्रेत्याच्या आवारात येऊन उभे राहिले. वाटेत सांगायचं असं मोतद्दाराने घोकून ठेवलं होतं. वाटभर तो रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिला.

सासऱ्यांचं मन एका तपकिरी ट्रेलरवर बसलं. चारी बाजूंनी जाड पत्रा, वर नुसती हवेपुरती फट. मागचा उतार, म्हणजे घोडा चढवायची फळी, हाच त्याचा दरवाजा. तो उचलून बाहेरून कडी लावली की काम झालं.

"किती भक्कम आहे बघा!" सासऱ्यांनी पत्र्यावर थाप मारली.

मोतद्दार मात्र पलीकडच्या पांढऱ्या ट्रेलरपाशी रेंगाळत होता. रंग उडालेला, पण आत उजेड होता. त्याने रबराची चटई उचलून खालच्या फळ्यांवर किल्ली टोचून पाहिली. लाकूड कुठेच कुजलेलं नव्हतं. आणि पुढच्या बाजूला माणसापुरतं एक छोटं दार होतं, आतूनही उघडणारं.

"मामा, हा घेऊ या. घोडीला आत नेलं की माणसाला पुढून बाहेर पडता येतं. आणि समोर उघडं दिसलं की तीसुद्धा बिचकत नाही."

"घोडी काय हवा खायला चाललीय?" सासरे हसले. "चला, त्या तपकिरीत उभे राहू. मी दाखवतो तुम्हाला, काही होत नाही."

दोघे तपकिरी ट्रेलरमध्ये शिरले. विक्रेत्याने उतार उचलून कडी लावली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि बोलत बोलत गडी कुठे निघून गेला कोण जाणे.

आत मिट्ट काळोख. सासरे आधी खाकरले. मग उगाच हसले. मग त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला.

"दार कुठंय हो?"

"आतून नाहीये मामा. तेच तर सांगत होतो."

सासऱ्यांनी पत्रा बडवला, हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग अंधारात चाचपडत त्यांनी जावयाचा हात धरला.

"बोला ना काहीतरी. बोलत राहा."

मोतद्दाराकडे बोलायला एकच गोष्ट होती. समोर चेहरा दिसत नव्हता, म्हणून ती तोंडातून निघाली तरी. "मामा, आम्हाला वेगळं राहायचंय. मला दवाखान्यात नोकरी मिळालीय. माझा इथे जीव गुदमरतो."

सासऱ्यांनी हात सोडला नाही, उलट आणखी घट्ट धरला.

कडी निघाली, उजेड आला. विक्रेत्याने दहा वेळा माफी मागितली. सासरे एका टायरवर बसून घटाघटा पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि पांढऱ्या ट्रेलरकडे बोट दाखवलं.

"तो द्या. आणि जावईबापूंच्या नावावर करा. माझं काय राहिलंय आता! पुढे सगळं यांनाच बघायचंय."

"नशीबवान आहात हो," विक्रेत्याने मोतद्दाराचा हात हलवला.

"मामा, मी आत जे म्हणालो..."

"अंधारात माणूस काहीबाही बोलतो," सासरे मायेने म्हणाले. "मीही ओरडलोच की. सोडून द्या."

घरी बायकोने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. पावतीवरचं नवऱ्याचं नाव वाचलं. "मला बाबांनी कधी साधी सायकल घेऊन दिली नव्हती," ती म्हणाली, आणि ट्रेलरला टेकून उभी राहिली. पडद्यांचा विषय तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीला चढवायला सगळा तबेला जमला. मोतद्दाराने पुढचं छोटं दार सताड उघडलं आणि दोर धरून उतारावर पाऊल ठेवलं. घोडी थबकली, कान टवकारले. समोर दारातून बाहेरचं गवत दिसत होतं. ती मुकाट्याने त्याच्यामागून आत गेली. सासऱ्यांनी मागचा उतार लावला. मोतद्दार छोट्या दाराने बाहेर पडला आणि ते लावायला वळला. भुरी चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होती. आपण तिला फसवलं, असं त्याला वाटलं. त्याने दार लावलं.

बायको जीपमध्ये जाऊन बसली होती. डॉक्टरांना आज हो की नाही सांगायचं होतं. सासरे खिडकीशी आले.

"दवाखान्यात फार रेंगाळू नका, जावईबापू. मी जेवायला थांबतो."

तुम्ही जेवून घ्या, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. सासऱ्यांचा हात खिडकीच्या कडेवर होता, कालच्यासारखाच घट्ट.

"येतो मामा," तो म्हणाला. "जेवायच्या आधी येतो."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पट्टा ओढून लावला.