टँडेमवरची बेचाळीस गाणी : परळ ते कफ परेड आणि परत

"दोनशे किलोमीटर करशील का माझ्याबरोबर?" सिद्धार्थने फोनवर विचारलं तेव्हा मी कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी, हातात सुरी, फोन खांद्यात अडकवलेला. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. मीही म्हटलं.

सिद्धार्थ माझा फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा त्याने रुळावर आणला आणि तेव्हापासून आमची मैत्री आहे. तो परळच्या चाळीत वाढला आणि अजून तिथेच राहतो. सोळाव्या वर्षापासून त्याची नजर कमी होत गेली, विशीत पूर्ण गेली. कॉलेजात तो एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. गिटार आता कपाटावर आहे, पण मतं अजून स्टेजवर आहेत.

मागच्या वर्षी त्याने पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी टँडेम घेतली. टँडेम म्हणजे दोन माणसांची एकच सायकल. पुढे बसणारा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, मागचा फक्त पाय मारतो. पेडल एकाच साखळीने जोडलेले, त्यामुळे एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही थांबतात. लग्नासारखंच, फक्त इथे भांडून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

दोनशे किलोमीटरच्या आयोजित राइडला वेळेची मर्यादा असते साडेतेरा तासांची. आम्ही आधी एकदा प्रयत्न केला होता आणि दीडशेच्या आसपास गळपटलो होतो. पाय दमले नव्हते, डोकं दमलं होतं. तेव्हा सिद्धार्थचं निदान आलं, "आपल्याला गाणी हवीत. पण नीट निवडलेली. जिमवाली ढिंच्याक नकोत."

आम्ही दोघांनी मिळून बेचाळीस रॉक गाणी जमवली आणि ठरवलं की एका रविवारी मुंबईतल्या मुंबईत सत्तर किलोमीटर मारायचे आणि कुठलं गाणं कुठे चालतं ते बघायचं. गाण्यांची खरी नावं इथे देत नाही. ती तुम्ही तुमची शोधा, कारण तुमचे पाय वेगळे. आमच्यात त्यांना टोपणनावं होती.

एक गोष्ट आधीच सांगते. रस्त्यावर इअरफोन घालू नका. सिद्धार्थचा तर तो कायदाच आहे. "माझे कान बंद केलेस तर मी घरीच बसतो." त्यामुळे मी हँडलला एक छोटा स्पीकर बांधला. आवाज एवढाच ठेवायचा की मागून रिक्षा आली तर आधी रिक्षा ऐकू यावी.

सकाळी पावणेसहाला परळहून निघालो. त्याची आई, शैलामावशी, चाळीच्या दारापर्यंत आली. तिने डब्यात खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की दिली आणि मला म्हणाली, "वैशाली, सावकाश ने गं त्याला." सिद्धार्थ म्हणाला, "आई, ती मला नेत नाही. आम्ही दोघं जातो." मावशी म्हणाली, "तेच ते."

पहिला टप्पा दादर. शिवाजी पार्कला एक फेरी मारून प्रभादेवीवरून खाली. रविवारी सहा वाजता हा रस्ता मोकळा मिळतो, सिग्नललाही फारसं थांबावं लागत नाही. इथे आमची पहिली चूक कळली. मी सुरुवातीलाच सगळ्यात दणदणीत गाणं लावलं होतं, त्याचं नाव 'मिक्सर', कारण ते लागलं की वाटतं घरात कुणीतरी चटणी वाटतंय. दहा मिनिटांत माझा श्वास वर.

"अगं, लग्नाच्या पंगतीत पहिल्यालाच चार जिलब्या खाल्ल्यासारखं झालं हे," मागून आवाज आला. "पहिला अर्धा तास पाय उघडायला लागतात. 'पोस्टमन' लाव."

'पोस्टमन' म्हणजे साडेसात मिनिटांचं गाणं. त्यात फार काही घडत नाही. ड्रम आणि बेस एका चालीत घरोघर फिरत राहतात. मला ते घरी ऐकताना कंटाळवाणं वाटलं होतं. वरळीला समुद्र उजव्या हाताला आला आणि मला कळलं की आम्ही दोघं किती तरी वेळ काही न बोलता एका लयीत पाय मारतोय. सिद्धार्थने मनगटाला बोट लावून नाडी मोजावी तसे आमचे पाय मोजले होते. मिनिटाला पंच्याऐंशी फेरे. ज्या गाण्याचा ठेका पंच्याऐंशीच्या किंवा त्याच्या दुपटीच्या जवळ, ते आमचं. बाकीची कितीही आवडती असोत, ती स्वयंपाक करताना ऐकायची. एवढ्या एका नियमाने हाजीअलीपर्यंत नऊ गाणी गळाली. त्यातली सहा माझी होती.

कोस्टल रोडवर सायकल चालत नाही, त्यामुळे पेडर रोडचा चढ चुकत नाही. टँडेम चढाला म्हशीसारखी होते. इथे 'जिना' लावलं. हे गाणं एका गिटारने हळू सुरू होतं आणि दर मिनिटाला एकेक वाद्य वर चढवत नेतं. मी धापा टाकत होते, मागून सिद्धार्थ सांगत होता, "आता ड्रम येणार... आता दुसरी गिटार... इथे बसून राहा, उठू नकोस." चढाच्या माथ्यावर गाण्याने शेवटची उडी मारली तेव्हा आम्ही दोघं मोठ्याने ओरडलो. फिरायला निघालेल्या एका आजोबांनी कुत्र्याची साखळी जवळ ओढली.

केम्प्स कॉर्नरच्या पुलाखालून उतरलो आणि चौपाटीवरून थेट गिरगावात शिरलो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी सायकल लावली आणि जवळच्या एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणावडा आणि पोहे खाल्ले. दोघांचं चहा धरून अडीचशेच्या आत होतं. मला पियूष हवं होतं. "पुढे पन्नासच्या वर किलोमीटर आहेत, पोटात दही घुसळायचं नाही," असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं आणि स्वतःसाठी एक मागवलं. वर म्हणाला, "मी मागे बसतो, मला चालतं."

खाऊन वाडीतून सायकल हातात धरून एक चक्कर मारली. लाकडी जिने, कुंड्या, एका खिडकीतून पियानोवर कुणाचा तरी सराव चाललेला. सिद्धार्थ तिथे थांबला. तीनदा तीच ओळ चुकली, चौथ्यांदा बरोबर आली. "चला," तो म्हणाला, जसं काही त्याचंच काम अडलं होतं.

त्यानंतर मरीन ड्राइव्हच्या पाच फेऱ्या. चौपाटी ते नरिमन पॉइंट आणि परत, साधारण सात किलोमीटरची एक. ऐकायला छान वाटतं ना? तिसऱ्या फेरीला तोच समुद्र, त्याच इमारती, तेच बाक. सहनशक्तीची परीक्षा चढावर नसते, ती अशा सपाट रस्त्यावर असते. मागच्या वेळी आम्ही इथेच, म्हणजे अशाच रस्त्यावर, हरलो होतो. आता सिद्धार्थ म्हणाला, "दोन गाण्यांनंतर एक गाणं रिकामं सोड." म्हणजे चार-पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा संगीत. गंमत म्हणजे थकवा त्या शांततेतच बाहेर पडतो आणि पुढचं गाणं नवीन वाटतं. सलग वाजवलं तर चौथ्या गाण्याला कान बधिर होतात आणि पाय त्यांच्या मागे जातात. हा या अख्ख्या राइडचा मला मिळालेला सगळ्यात उपयोगी धडा.

कफ परेडला मच्छीमार नगरापर्यंत गेलो. मी काही सांगायच्या आत सिद्धार्थ म्हणाला, "बोंबील सुकत घातलेत. आणि कुणीतरी बोटीला रंग देतंय." दोन्ही खरं होतं. शहाळ्याचं पाणी प्यायलो, साखळीला तेल घातलं, आणि साडेनऊच्या उन्हात फोर्टमधून डॉकच्या बाजूच्या रस्त्याने परतीला लागलो.

इथून पुढचं लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. पण ते वगळलं तर वरचं सगळं खोटं ठरेल.

कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या रस्त्यावर ट्रक उभे असतात, डांबर उखडलेलं असतं आणि मध्येच जुन्या मालगाड्यांचे रूळ रस्ता तिरके कापतात. मी सहासष्ट किलोमीटरवर होते, मांड्या पेटल्या होत्या, आणि घर जवळ आलं होतं. मी 'मिक्सर' लावलं आणि आवाज वाढवला.

"जरा कमी कर," सिद्धार्थ म्हणाला. "रस्ता बदललाय. टायरचा आवाज मला ऐकू येत नाहीये."

"एवढं संपू दे ना!"

"वैशाली, कमी कर."

मी नाही केला. मी गात होते. रूळ मला दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. मी "रूळ!" म्हणून ओरडले, पण तो आवाज गाण्यात कुठे गेला कोण जाणे. पुढचं चाक खाचेत अडकलं आणि आम्ही दोघं डाव्या अंगावर आडवे झालो.

माझं मनगट सोलवटलं. सिद्धार्थच्या कोपरातून रक्त येत होतं आणि तो रस्त्यावर बसून हाताने आजूबाजूची जमीन चाचपत होता. मी कुठे आहे ते शोधत होता. स्पीकर उलटा पडून अजून वाजत होता. तो बंद करायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ आयुष्यात कुठल्या कामाला लागला नसेल.

समोरच्या चहाच्या टपरीवरची बाई पाणी घेऊन धावत आली. तिने सिद्धार्थचं कोपर धुतलं, हळद लावली आणि मला विचारलं, "मिस्टरांना दिसत नाय काय गो?"

"मिस्टर नाहीत. मित्र आहे," मी म्हटलं. "आणि दिसत होतं ते मलाच."

तिने आम्हाला बाकावर बसवून चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. हाड कुठेही दुखावलेलं नव्हतं, सिद्धार्थने आपलं कोपर आणि माझं मनगट दोन्ही दाबून, फिरवून पाहिलं. मी म्हटलं, "तुला माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल रे पुढे बसायला. मी शोधून देते."

"हे बरं आहे," तो म्हणाला. "पाडायचं पण तूच, आणि सोडून जायचं पण तूच."

"तसं नाही..."

"ऐक. पडण्याचं मला काही नाही. मी जिन्यावर पडतो, स्टेशनवर पडतो. पण मी सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस. मागे बसलेल्या माणसाकडे ना ब्रेक असतो, ना हँडल. फक्त तोंड असतं. तेही चालणार नसेल तर मी तिथे सामान म्हणून बसलोय."

मी रडले. त्याने रडू दिलं. मग म्हणाला, "चहा गार होतोय."

उरलेले चार किलोमीटर आम्ही गाण्याशिवाय केले. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होते. खड्डा, उजवीकडे ट्रक, गतिरोधक, पाय थांबव, आता मार. काळाचौकीला तो म्हणाला, "झाडाचं पान पडलं तरी सांगशील काय आता?" तेव्हा मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

चाळीत मावशी दारात उभी. कोपर बघून तिचा चेहरा उतरला. सिद्धार्थ म्हणाला, "काही नाही गं, रूळ होते रस्त्यात." मी म्हटलं, "मावशी, रूळ होतेच, पण हा आवाज कमी कर म्हणत होता आणि मी केला नाही." मावशी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, संपली आपली टँडेम. ती आत गेली आणि डेटॉल घेऊन आली. आधी त्याचं कोपर पुसलं, मग माझा हात ओढून मनगट. जरा जोरातच.

"झोंबतंय?" तिने विचारलं.

"हो."

"झोंबू दे," ती म्हणाली. "आणि जेवून जा."

सुकटीची चटणी, भाकरी आणि डाळ जेवलो. सिद्धार्थने जेवता जेवता यादी सांगितली आणि मी फोनवर उडवत गेले. बेचाळीसची एकोणीस उरली. 'मिक्सर' उडवायला मी बोट लावलं तर तो म्हणाला, "राहू दे. गाणं चांगलं आहे. फक्त मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर, आणि दहा मिनिटांच्या वर नाही."

दादरला घरी आल्यावर मनगट सुजलेलं, पायांत गोळे, आणि तरी मन बरं होतं. वर्षभर मी समजत होते की पुढे बसणारी चालवते आणि मागचा मदत करतो. स्पीकर माझ्या हँडलला का बांधला, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तो तिथे बसत होता म्हणून, एवढंच.

बुधवारी सकाळी त्याच्याकडे गेले आणि स्पीकर काढून त्याच्या पुढ्यातल्या, नुसत्या धरायच्या दांडीला बांधला. आवाजाचं बटण त्याच्या उजव्या अंगठ्याखाली. त्याने दोनदा दाबून पाहिलं. आम्ही शिवाजी पार्कपर्यंत जाऊन यायचं ठरवून निघालो. 'पोस्टमन' सुरू झालं, पाय लयीला लागले, प्रभादेवीचं वळण आलं, आणि गाणं ऐन रंगात असताना मागे शांत झालं.

"काय झालं?" मी विचारलं. "बॅटरी गेली?"

"नाही," तो म्हणाला. "पुढे काय आहे ते सांग."