वाक्य कोणाच्या मनातलं

लिहिणारी वेगळी आणि कथेतली बाई वेगळी, हे राजेश्वरी तासगावच्या कॉलेजात वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आली होती. गोष्ट सांगतंय कोण, मनात बोलतंय कोण, यावर तर तिने प्रबंधच लिहिला होता. पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहायची. तिला हसू यायचं. आज मात्र हसू येत नव्हतं.

नवरा, फौजेतला हवालदार वीरधवल, सुट्टीवर आला होता आणि घराच्या पुढच्या सोप्यात बसून दिवाळी अंकातली तिची कथा वाचत होता. आपला अंक तिने कपाटात साड्यांखाली दडवला होता. पण चुलत दीर भाऊसो सांगलीहून दुसरा घेऊन आला. वहिनीचं नाव छापून आलंय म्हणे! मेल्याला नसता उत्साह.

कथा एका फौजीच्या बायकोची होती. निवेदन साध्या पुस्तकी मराठीत, आणि बाईच्या मनातलं बोलणं मात्र राजेश्वरीच्या माहेरच्या, खटावकडच्या बोलीत. संपादकांनी नेमकी त्याचीच तारीफ केली होती.

भाजी चिरता चिरता ती त्याच्या बोटाकडे बघत होती. पान उलटलं. बोट एका ओळीवर थांबलं. बाहेर द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत होता, तोही तेवढ्यात बंद पडला.

"हिकडं ये. ह्ये वाच. मोठ्यानं."

"आवं, कथा हाय ती. त्यातली बाई म्हनती, मी न्हाई."

"व्हय. वाच तर खरं."

ती वाचू लागली. 'ह्यांची सुट्टी सपली की घर कसं मोकळं वाटतंय. आपलंच मानूस, पर पावन्यागत सांभाळावं लागतंय. कवा जात्याल, असं मनात येतं आन् माजीच मला लाज वाटती.' शेवटची ओळ तिने घाईने उरकली.

"आता सांग. ही बाई कोन?"

वर्गातली सगळी उत्तरं जिभेवर आली. निवेदक, पात्र, स्वगत. पण यातलं एकही त्याच्यापुढे टिकणार नव्हतं. हा माणूस सुट्टीपुरताच तिच्यासोबत राहिलेला, तरी तिचा आवाज त्याने छापील कागदावर ओळखला होता. खरं बोललं तर संसाराचं काय होईल, हे तिला कळेना.

"मीच," ती म्हणाली.

वीरधवलने अंक मिटला. आता हा उठेल, बॅग भरेल, असं तिला वाटलं. तो बसूनच राहिला.

"युनिटात पोचलो, बूट काडून खाटंवर पडलो की मला बी लय मोकळं वाटतंय," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटायचं, माज्यातच कायतरी खोट हाय. तुज्या कथेतला नवरा नुसता जेवतोय, हसतोय. त्याच्या मनातलं का न्हाई लिवलंस?"

"मला कुठं ठावं हुतं?" राजेश्वरी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.